राखून ठेवलेली भीती

चाबूक बुटावर आपटला तसे घोडीचे दोन्ही कान मागे पडले, मानेखालची कातडी थरथरली आणि ती मागच्या पायांवर अशी गोळा झाली, की आता सुटलीच.

सुई मनात मोजत होती. एक, दोन, तीन. चौथ्याला तिने चाबूक खाली टाकला, दोरी सैल सोडली आणि घोडीला डावीकडे वळवून रिंगणाच्या फाटकाबाहेर, भिंतीलगतच्या गवताकडे नेलं. तिथे पोचल्यावर आयाळ जिथे संपते तिथे, मानेच्या मुळाशी, ती बोटांनी खाजवत राहिली. घोडीचा श्वास हळूहळू खाली बसला. मग तिने तोंड वाकवून गवताचं एक पातं उपटलं आणि चघळायला घेतलं.

"आहे," सुई स्वतःशी म्हणाली. "जागच्या जागी आहे."

गुरुवार होता. दर गुरुवारी सकाळी, पागेत कोणी यायच्या आत, ती हे एकदाच करून पाहायची. पेटीत जपून ठेवलेला दागिना अधूनमधून उघडून बघावा तसं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ती घोडीच्या भीत्या घालवत होती. ताडपत्रीची भीती, उघड्या छत्रीची, रिकाम्या पिंपाची, वाळत घातलेल्या चादरींची. एकच भीती तिने राखून ठेवली होती. ती कप्तानासाठी होती.

कप्तान कुठल्याही सैन्यात कधी नव्हता. घोडेस्वारीची ही शाळा त्याला सासऱ्याकडून मिळाली, शाळेबरोबर बायको मिळाली, आणि टोपी तेवढी त्याने स्वतः आणली. ती टोपी डोक्यावर चढल्या दिवसापासून सगळे त्याला कप्तान म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्याला ते आवडायचं. घोड्यावर बसायचा छान, नाही म्हणायला. पण त्याला एक खोड होती. उभं राहून बोलत असला की प्रत्येक वाक्याच्या शेवटी हातातला चाबूक बुटावर आपटायचा. वाक्याला पूर्णविराम द्यावा तसा. फट. घोड्यावर बसलेला असला आणि खुशीत असला, तरीही हात जायचाच.

बाकीचे घोडे या आवाजाला सरावले होते. ही सरावली नव्हती. ही बुजरी होती, दुसऱ्या कुठल्यातरी पागेतून आलेली, आणि तिथे कोणी काय केलं होतं देव जाणे. सुईच्या वडिलांनी तिला पहिल्या दिवशी गाडीतून उतरवलं, तेव्हा ती स्वतःच्याच सावलीला घाबरून भिंतीला चिकटून उभी राहिली होती. तिच्या कागदावर भलंमोठं ऐटबाज नाव होतं. वडिलांनी ते वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "या, बाईसाहेब. कुठून आलात?" तेव्हापासून ती बाईसाहेब.

ते तिथे अठ्ठावीस वर्षं मोतद्दार होते. घोड्यांचा खरारा, दाणा, पाय, पोटदुखी, रुसवे, सगळं त्यांच्याकडे. सुई लहानपणी दाण्याच्या पेटीवर बसून ते बघायची. मोठी झाल्यावर ती तिथेच जिनं, लगाम, पट्टे शिवायचं काम करू लागली. अंगानं किडकिडीत आणि हातात सदा दाभण-सुई, म्हणून सुई. हे नावही वडिलांचंच.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात कप्तान बाईसाहेबांवर बसला. वडिलांनी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, साहेब, तिच्यावर बसाल तेव्हा चाबूक नको. कप्तानाने मान हलवली होती. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांसमोर घोडी थांबली, टाळ्या पडल्या, कप्तान खुलला आणि हात बुटावर गेला. पुढच्या क्षणी तो मातीत बसलेला होता आणि टोपी लांब घरंगळत चालली होती. कोणीतरी हसलं. कप्तानाने उठून कपडे झटकले, ध्वनिक्षेपकापाशी गेला आणि दोनशे माणसांसमोर म्हणाला, "माफ करा. आमच्या मोतद्दाराने लाड करून करून घोडी बिघडवली आहे. उद्यापासून तो या शाळेत नसेल."

वडील घोडीची दोरी धरून रिंगणाच्या मधोमध उभे होते. त्यांनी घोडीला शांत करून तिच्या जागी बांधलं, पाणी दाखवलं आणि घरी आले.

त्यानंतर ते अकरा महिने होते. दिवसभर खिडकीशी बसायचे आणि खुर्चीच्या हातावर तळवा फिरवत राहायचे, खरारा केल्यासारखा, केसांच्या दिशेने. खुर्चीच्या हाताचं पॉलिश गेलं. एका दुपारी तो हात थांबला.

कप्तान दुखवट्याला घरी आला होता. दहा मिनिटं उभा राहिला, टोपी काढून. जाताना सुईला म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. हात तेवढा मऊ."

त्या वाक्याने तिचं सगळं ठरलं.

लोकांना नवल वाटायचं, ही अजून त्याच पागेत जाऊन पट्टे कशी शिवते. कप्तानालाही वाटलं असेल. पण त्याने ते बापाच्या चुकीची तिला असलेली जाणीव म्हणून धरलं आणि तिच्याशी जरा गोडीने वागू लागला. ती वाट बघत होती. बाईसाहेबांवर तोवर कोणी बसायला धजत नव्हतं. शेवटी कप्तानाने घोडीला काढून टाकायचं ठरवलं, त्या दिवशी सुई हातातला पट्टा खाली ठेवून उठली.

"साहेब, मी करून बघते."

"तू? तू सुया ओवतेस, सुई."

"तिला घाई करणारं माणूस नको आहे एवढंच. माझ्या कामात घाई चालत नाही."

कप्तान हसला. "आठ महिने आहेत कार्यक्रमाला. तोवर झाली तर ठीक. नाहीतर असली जनावरं जिथे जातात तिथे तीही जाईल." फट.

पागेच्या टोकाला उभ्या घोडीने भिंतीवर टाप आपटली. सुईने खाली बघून पट्टा उचलला. पाडायचं. त्याच जागी, त्याच माणसांसमोर, तिच्याच पाठीवरून. एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी आधी घोडी इतकी चांगली तयार व्हायला हवी होती, की कप्तानाला तिच्यावर बसायचा मोह आवरू नये.

*

पहिले दोन महिने ती घोडीवर बसलीच नाही. दोरी धरून नुसती चालली. रोज वेगळ्या वाटेने. एक दिवस पागेमागच्या कचऱ्याच्या पिंपांवरून, एक दिवस धोबीखान्याच्या दोऱ्यांखालून, एक दिवस रस्त्याचं काम चाललं होतं त्या बाजूने. घोडीला पुढे जाऊ द्यायची आणि स्वतः खांद्याच्या मागे राहायची. घोडी थांबली की ही थांबायची. घोडीने मान लांब करून काही हुंगलं, की ही दुसरीकडे बघत उभी राहायची, जशी काही आपल्याला घाई नाही, आपण मुळी फिरायलाच निघालो आहोत.

वडिलांनी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. ती पेटीवर बसून बघत होती, एवढंच. ते बोलायचे ते घोड्यांशी. पण कधी कधी मान न वळवता तिलाही काही सांगायचे. "तिला कंटाळा येऊ द्यायचा नाही. कंटाळा आला की ती घाबरायला काहीतरी शोधते." किंवा, "एकच गोष्ट दोनदा. तिसऱ्यांदा तिला वाटतं, आपलं काही चुकलं." किंवा, "भीतीच्या काठापर्यंत न्यायची. काठावरून आत ढकलायची नाही. तिथूनच परत आणायची आणि शाबासकी द्यायची. उद्या काठ आपोआप पुढे सरकतो."

ताडपत्री अशीच गेली. निळी ताडपत्री आधी घडी करून कुंपणावर टाकली. मग अर्धी उघडून जमिनीवर, लांब. घोडी तिच्याकडे बघून फुरफुरली की सुई तिला तिथूनच वळवून न्यायची, जणू काम झालं. पाचव्या दिवशी घोडीच वळेना. तिला पुढे जाऊन बघायचं होतं. तिने एक पाय ताडपत्रीवर ठेवला, आवाज झाला, पाय उचलला, पुन्हा ठेवला. मग ती तिथेच उभी राहून पायाने ताडपत्री वाजवत राहिली, नव्या बुटाचा आवाज ऐकणाऱ्या पोरीसारखी. सुईला हसू आलं आणि आपण हसलो याचा राग आला.

जमिनीवर लाकडी बल्ल्या मांडून त्यांतून जायचं काम असायचं, पण मांडणी रोज बदलायची. कधी पायरीसारखी, कधी पंख्यासारखी, कधी नुसता गोंधळ, आणि घोडीने आपली आपण वाट काढायची. घोडी मजेत आली, आता आणखी करूया असं तिच्या कानांत दिसू लागलं, की सुई थांबायची. तिथेच बंद. घोडी मागे वळून वळून बघत पागेत जायची आणि दुसऱ्या दिवशी दाराशी आधीच येऊन उभी असायची.

घरी आई मटार सोलत बसलेली असायची आणि रोज चौकशी करायची.

"ताडपत्रीवरून गेली म्हणतेस?"

"गेली. दुडक्या चालीने गेली."

"आणि छत्रीला?"

"छत्री आता ती तोंडात धरते. दोन फाडल्या."

"आणि चाबकाला?"

"घाबरते."

"मग ठीक." आईने एक शेंग दातांनी उघडली. नखं तिला कधी वाढवता आली नाहीत. "आणि हे बघ, मला पुढची खुर्ची हवी. मागच्या खेपेला मी शेवटच्या रांगेत होते. मला दिसलं काहीच नाही. नुसतं ऐकू आलं."

"देईन."

"अगदी मधोमध. तो पडताना त्याचं तोंड दिसायला पाहिजे."

"आई, ते त्याच्या हातात आहे का, तोंड कुठे करून पडायचं ते."

"तू बघ जमतंय का," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. घरात हसणं फार दिवसांनी झालं होतं, आणि ते कशावरून झालं हे दोघींनाही कळत होतं.

*

एका गुरुवारी नाल ठोकणारे काका लवकर आले. भिंतीआड सामान उतरवत होते. चाबूक आपटल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी डोकं वर काढलं. सुई घोडीला गवतापाशी नेऊन खाजवत होती, तोवर ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"काय चाललंय पोरी?"

"काही नाही. सराव."

"मी नाल ठोकतो. आंधळा नाही." त्यांनी जमिनीवरचा चाबूक उचलला, न्याहाळला आणि कुंपणाला टेकवून ठेवला. "सगळं घालवलंस तिचं, आणि हे एक ठेवलंस. त्याला पाडणार तू."

सुई घोडीला खाजवत राहिली.

"पडेल तो. हाड मोडेल, बसेल घरी. त्याचं मला काही नाही. घोडीचा पाय मोडला तर?"

"नाही मोडत. ती उभी राहते आणि बाजूला उडी मारते. मागच्या खेपेला स्वतःला किती छान सावरलं तिने."

"आणि त्यानंतर तिला कुठे धाडतील ते ठाऊक आहे ना?"

"मी घेईन तिला."

"कुठे बांधशील, स्वयंपाकघरात?"

"काका, तुम्हाला त्याचा राग येत नाही?"

"येतो की." त्यांनी पंच्याने हात पुसले. "वीस वर्षं मी तुझ्या बापाने धरलेल्या पायांना नाल ठोकले. एकदा लाथ खाल्ली नाही. आता दर महिन्याला खातो. राग येणार नाही तर काय. पण तुझा बाप असता तर..."

"बाबा नाहीत," सुई म्हणाली. "म्हणून तर."

काका आपल्या कामाला गेले. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले, आणि ते तिला लागलं.

पाचव्या महिन्यात गुरुवारी चाबूक आपटला तेव्हा घोडी गोळा झाली नाही. कान तेवढे मागे गेले आणि परत आले. सुई विचारात पडली. मग तिने कारण शोधून काढलं. आपला हात हलका, बूट जुना आणि मऊ पडलेला. कप्तानाचा बूट कडक आहे, त्याचा आवाज बंदुकीसारखा होतो. आणि पाठीवर असताना तो आवाज पोटाशीच होतो, कानाच्या मागे. तिथे घाबरेलच. त्यानंतर दोन-तीन गुरुवार असेच गेले आणि तिने ठरवलं, आता हे बंद. वापरून वापरून भीती बोथट व्हायला नको. राहू दे ताजी.

*

कार्यक्रमाला महिना राहिला तेव्हा कप्तानाने घोडीला बल्ल्यांतून वाट काढताना पाहिलं. सुई पाठीवर होती आणि लगाम मानेवर सैल पडलेला होता. कुंपणाशी पाहुणेही होते, त्यांतला एक म्हणाला, "अहो, ही तर विचार करून चालते."

संध्याकाळी कप्तान जीनखान्यात आला. "यंदा मी बसतो तिच्यावर."

हे वाक्य ऐकायला ती सात महिने थांबली होती. तिने दाभण चामड्यातून आरपार काढली आणि मगच मान वर केली. "साहेब, अजून थोडे दिवस मीच..."

"तू मला शिकवतेस?"

"नाही साहेब."

"हं." फट.

शेवटचे पंधरा दिवस तो रोज सकाळी घोडीवर बसून सराव करू लागला. पहिल्याच दिवशी सुईच्या लक्षात आलं की त्याच्या हातात चाबूक नाही. दुसऱ्या दिवशीही नव्हता. एरवी तो चाबूक घेऊन जेवायलाही बसला असता. पण घोडीकडे यायच्या आधी तो चाबूक खोलीत ठेवून यायचा, आणि उतरल्यावर पुन्हा हातात घ्यायचा.

म्हणजे त्याला ठाऊक होतं.

तोवर सुईच्या मनात कुठेतरी एक जागा रिकामी होती. कदाचित त्याला खरंच कळलं नसेल. कदाचित त्याने रागाच्या भरात, लाजेच्या भरात, समोर दिसेल त्याचं नाव घेतलं असेल. आता ती जागा बुजली. घोडी कशाने उधळली हे त्याला दोन वर्षं ठाऊक होतं. सुई दुखवट्याला दारात उभी होती आणि हा टोपी हातात धरून तिच्या बापाच्या हातांबद्दल बोलत होता, तेव्हाही ठाऊक होतं.

"कार्यक्रमाला चाबूक आणेल का पण?" आईने विचारलं.

"आणेल. कार्यक्रमाच्या त्या कपड्यांवर चाबूक लागतोच. फोटो असतात."

"आणि आपटेल?"

"टाळ्या पडल्या की आपटेल. हात आपला आपण जातो त्याचा."

आईने कपाट उघडलं. मग म्हणाली, "मी तो निळा कोट घालते."

*

कार्यक्रमाचा दिवस कोरडा आणि लख्ख होता. खुर्च्या पांढऱ्या होत्या. आई पहिल्या रांगेत मधोमध बसली होती, मांडीवर पर्स, पाठ ताठ. सुई फाटकाशी, भिंतीलगत उभी राहिली. मोतद्दाराने उभं राहायची जागा तीच.

घोडीवर बसण्याआधी कप्तान ध्वनिक्षेपकावर बोलला. "दोन वर्षांपूर्वी या घोडीचं काय झालं होतं, ते आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलं आहे. लाडाने जनावर बिघडतं. शिस्तीने सुधारतं. आज बघा."

सुईने आईकडे पाहिलं. आई पुढे बघत होती.

मग घोडी रिंगणात आली. आणि ती सुंदर चालली. सुईला हे मनात म्हणायचं नव्हतं, पण दुसरा शब्द नव्हता. बल्ल्या त्या दिवशी नव्याच तऱ्हेने मांडलेल्या होत्या. घोडीने मान खाली घालून एकदा पाहिलं आणि वाट काढली. ताडपत्रीवरून दुडकत गेली. छत्री उघडली तेव्हा तिने ती खायला मिळेल का, एवढं बघितलं, आणि लोक हसले. कप्तानाचं बसणं डौलदार होतं. दोघं मिळून रिंगणाच्या मध्यावर, पाहुण्यांच्या समोर येऊन थांबले. टाळ्या सुरू झाल्या. कप्तानाने टोपी काढली, पुन्हा घातली, हसला.

हात खाली आला. फट.

पहिल्या रांगांतल्या टाळ्या थांबल्या. ज्यांनी मागचं पाहिलं होतं त्यांना आठवलं. कप्तानालाही आठवलं. त्याचा चेहरा कागदासारखा झाला, आणि डाव्या हाताने त्याने आयाळीत मूठ रुतवली, अगदी पहिल्यांदा घोड्यावर बसलेल्या माणसासारखी.

सुई त्याच्याकडे बघत नव्हती. इतके महिने जे तोंड बघायचं म्हणून ती जगली, ते सोडून ती घोडीच्या कानांकडे बघत होती.

एक कान वळला. फक्त एक. आवाज कुठून आला हे बघायला वळतो तसा. मग घोडीने मान हलवली, डावीकडे वळली आणि सावकाश चालायला लागली.

कप्तानाने उजवा लगाम ओढला. घोडीची मान थोडी वाकली, पाय थांबले नाहीत. तिच्या चालीत भीती नव्हती, घाई नव्हती, अडेलपणाही नव्हता. काम संपलं की घरी निघालेल्या माणसाची चाल होती ती. कप्तानाने पुन्हा ओढला, काहीतरी दबक्या आवाजात बोलला. तोवर मागच्या रांगांत हसू फुटलं होतं. घोडी त्याला घेऊन रिंगण ओलांडून, फाटकातून, भिंतीलगतच्या गवतापाशी आली, सुईसमोर थांबली, आणि मान खाली करून उभी राहिली.

सुईचा हात गेला. तो थांबवायला तिला वेळच मिळाला नाही. आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी, बोटं आपोआप फिरायला लागली, आणि मग तिला कळलं तिने काय केलं होतं.

वीसेक गुरुवार. दर वेळी एक आवाज, फक्त एक, आणि चौथ्या मोजणीला दोरी सैल. काठावर न्यायची आणि काठावरून परत आणायची. भीती शाबूत आहे ना हे बघायला ती ज्या तऱ्हेने जात होती, ती भीती घालवायचीच तऱ्हा होती. दुसरी तऱ्हा तिला येतच नव्हती. कप्तानासाठी म्हणून जे तिने दर आठवड्याला उघडून पाहिलं, ते पेटीत केव्हाच नव्हतं. बाईसाहेबांच्या लेखी त्या आवाजाचा अर्थ एवढाच होता, की आता झालं, आता भिंतीकडे जायचं, आता ही खाजवते.

आई टाळ्या वाजवत होती. उभी राहून, एकटीच, जोरात, कपाळाला आठ्या घालून. मग तिच्या शेजारच्याने वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी.

"हिला मागे घे," कप्तान वरून म्हणाला. ओठ फारसे हलले नाहीत.

"उतरा साहेब."

तो उतरला. मग तो चालत खोलीकडे गेला. ध्वनिक्षेपक तसाच राहिला.

माणसं पांगल्यावर आई फाटकाशी आली.

"पडला नाही," ती म्हणाली.

"नाही."

आईने घोडीकडे पाहिलं. हात लावला नाही. घोड्यांना ती आयुष्यभर भीत आली होती. "चालली पण छान गं," ती म्हणाली, आणि कोटाची बटणं लावत रस्त्याला लागली.

*

संध्याकाळी सुई खरारा करत होती तेव्हा कप्तान आला. टोपी नव्हती, चाबूक नव्हता. टोपीविना तो म्हातारा दिसत होता. दाराच्या आत न येता उभा राहिला.

"हे तू मुद्दाम केलंस."

"हो."

"चारचौघांत माझं हसं करायला."

"नाही," सुई म्हणाली. "पाडायला. जमलं नाही."

तिला वाटलं तो ओरडेल. तिची तयारी होती. पण तो ओरडला नाही. खाली बघत राहिला. पलीकडच्या घोड्याने दाणा चावल्याचा आवाज येत होता.

"तो," कप्तान म्हणाला आणि थांबला. "तुझे वडील. घरी काही म्हणायचे का? माझ्याबद्दल?"

सुईचा हात थांबला नाही. केसांच्या दिशेने, खांद्यापासून खाली.

वडील एकदाच बोलले होते. सातव्या महिन्यात, जेवताना, कोणी न विचारता. "त्याला ठाऊकच नसतं गं. हात आपला आपण जातो. मुद्दाम नाही केलं त्याने." आई ताट घेऊन आत निघून गेली होती. ते पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत.

कप्तान वाट बघत होता. हे सांगितलं असतं तर तो हलका होऊन घरी गेला असता. कदाचित रडलाही असता. त्याला तेच हवं होतं, इतकं हवं होतं की ते त्याच्या हातांत दिसत होतं. दोन्ही हात दाराच्या फळीवर होते आणि फळीवरून काहीतरी पुसून काढत होते.

"नाही," ती म्हणाली. "काही म्हणाले नाहीत."

"काहीच?"

"काहीच नाही."

त्याने मान हलवली. मग पागेच्या लांब बोळातून चालत गेला, सावकाश, दोन्ही बाजूंच्या घोड्यांकडे न बघता. सुईने त्याला जाताना पाहिलं नाही. नुसती पावलं ऐकली, शेवटचं दार लागेपर्यंत.

ती घोडीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि पुढच्या पायाशी वाकली. ती काही म्हणायच्या आतच घोडीने पाय उचलून तिच्या हातात दिला, आणि अंगाचा थोडा भार तिच्या खांद्यावर टाकला. खुरात माती दाटून बसली होती. सुईने पाय मांडीवर घेतला आणि खुरणीने ती माती काढायला सुरुवात केली.